आल्दोचा मुलगा, दादाचा मुलगा

कोल्हापूर

प्रिय बंडू,

तब्येती ठीक आहेत, आईचा गुडघा आहे तसाच. पत्र लिहितोय ते दादाच्या सम्यासाठी, त्याच्या गाड्यांच्या शर्यतींवरून.

काल जेवताना तो म्हणाला, "काका, सर म्हणतात एक काहीतरी धर. डांबरी ट्रॅकवरची सर्किट शर्यत नाहीतर मातीतली रॅली." दादा समोरच बसला होता. ताटातली भाकरी संपवून उठला, एक शब्द बोलला नाही. वहिनींचं म्हणणं, दोन्ही बंद करा. दादाच्या अपघाताच्या दिवशी त्या वळणावर तू होतास, म्हणून दादाचं हे गप्प बसणं तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

रात्री मला सारखा अमेरिकेचा रेसर जॉन आंद्रेत्ती आठवत होता. त्याचा नावाजलेला काका मारिओ नव्हे! मारिओ मोठा की जिम क्लार्क, यावरून तू मेसमध्ये ताट आपटलं होतंस, आणि मी आजही मारिओच म्हणणार. पण त्या भांडणात आल्दोचं नाव कधी आलंच नाही. मारिओ आणि आल्दो जुळे भाऊ. 1955 साली निर्वासित म्हणून अमेरिकेत आले, दोघांनी मिळून जुनी हडसन गाडी शर्यतीसाठी बांधली. 1959 मध्ये पहिल्यांदा कोण चालवणार यासाठी नाणं उडवलं, ते आल्दोने जिंकलं आणि शर्यतही जिंकली. त्याच हंगामाच्या शेवटी अपघात होऊन तो कोमात गेला. बरा होऊन पुन्हा उतरला. 1969 मध्ये मारिओ इंडियानापोलिस 500 ही अमेरिकेची मोठी शर्यत जिंकला आणि त्याच वर्षी आल्दोच्या चेहऱ्याची हाडं मोडली. मग मात्र त्याने गाडी सोडली.

जॉन हा त्या आल्दोचा मुलगा, आणि तो काय काय चालवत होता बघ. 1989 ला बॉब वोलेक आणि डेरेक बेलबरोबर पोर्शे 962 मधून डेटोनाची 24 तासांची शर्यत जिंकली. 1991 ला ऑस्ट्रेलियात सर्फर्स पॅराडाईजला इंडीकारची, म्हणजे उघड्या चाकांच्या हलक्या गाड्यांची. 1993 मध्ये थेट टॉप फ्युएल ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे सरळ रेषेत सुसाट पळणाऱ्या गाडीत बसला आणि पहिल्याच स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली. नंतर नॅसकारमध्येही, म्हणजे साध्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या स्टॉक कारच्या मालिकेत, दोन शर्यती जिंकल्या. आणि 1994 चा तो रविवार! दुपारी इंडियानापोलिसला 500 मैल, दहावा नंबर. तिथून विमानाने शार्लटला, नॅसकारच्या 600 मैलांच्या शर्यतीसाठी. चालकांची बैठक चुकली म्हणून नवव्या जागेवरून सगळ्यात मागे ढकलला, आणि शेवटी इंजिनानेच दगा दिला. पण एका दिवसात दोन्ही शर्यतींत उतरणारा पहिला माणूस तोच.

लोक म्हणतात, एकाच प्रकारात राहिला असता तर मोठा विजेता झाला असता. मला हे पटत नाही. स्टॉक कार तेव्हाच्या इंडीकारच्या दुपटीहून जड, तिचं ब्रेकिंग पायाला नव्याने शिकवावं लागतं. चोवीस तासांत गाडी जपून जोडीदाराच्या हाती द्यायची असते. ड्रॅगस्टरची शर्यत पाच सेकंदांत आटोपते. इतकं सगळं अंगात मुरवणं ही स्वतंत्र विद्या आहे, बंडू. सम्या मातीत गाडी घसरवून आला की डांबरावरही त्याचे हात शांत राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सर पैशाचं बोलतात ते खरं आहे. टायर आणि प्रवेश फी दोन्हीकडे भरताना दादाची ओढाताण होणार. पण पोराला आत्ताच एका खोक्यात बसवायला माझं मन घेत नाही.

खरी काळजी दादाचीच. त्याच्या गप्प बसण्यात भीती आहे की अजून तीच ओढ आहे, मला कळत नाही. मी विचारलं तर तो चिडतो. तुझं ऐकेल. तुझी मारुती उसातून बाहेर काढल्यापासून तू त्याचा लाडका.

पिंकीचं नक्की झालं म्हणे, फार आनंद झाला! तारीख कळव. नोकरी सोडायचं बोलला होतास, ते लग्न होईपर्यंत थांबव. आणि पोटाची तपासणी टाळू नकोस. जॉन आतड्याच्या कर्करोगाने गेला, जानेवारी 2020 मध्ये, अवघा 56 वर्षांचा. शेवटची वर्षं तो लोकांना वेळेत तपासून घ्या म्हणून सांगत होता. त्याच डिसेंबरात आल्दोही गेला.

रविवारी सकाळी दादाला फोन कर. उद्यमनगरात गॅरेजवर तेव्हा तो एकटाच असतो. आधी कार्ब्युरेटरचं काहीतरी विचार, मग सम्याकडे वळ.

तुझा,
विन्या