युद्धखेळातल्या खाडीला भरती-ओहोटी हवी

संपादक महोदय,

पाळीपाळीने खेळायच्या संगणकी युद्धखेळांत डाव बहुधा सैन्याच्या संख्येपेक्षा ते कुठे उभे आहे यावर फिरतो. शाळेत कोडिंग शिकणारी आपली मुले असे खेळ रचतील, तेव्हा नकाशा नुसता रंगवून सोडू नये, म्हणून हे पत्र.

अभ्यासाला ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा फुकट मिळणारा खेळ उत्तम. त्यात तुकडी ज्या षट्कोनी घरात उभी असते, त्यावर तिचा बचाव ठरतो. हल्ला करणाऱ्यालाही हाच नियम लागू, आणि नवखे नेमके इथेच फसतात. साधा भालाईत सपाटीवर ४० टक्के वार चुकवतो, गावात ६०, उथळ पाण्यात अवघे २०. त्याचे वार तीन, प्रत्येकी ७ गुणांच्या नुकसानीचे. पाण्यातून गावातल्या भालाईतावर चालून गेल्यास सरासरी ८.४ चे नुकसान करून १६.८ चे सोसावे लागते. शिवाय गावातला पुढच्या पाळीला ८ ने सावरतो. भालाईताला पाळीला पावले ५ आणि उथळ पाण्याचे एक घर खाते ३, त्यामुळे दोन घरे रुंद नदी एका पाळीत पार होतच नाही. शत्रूच्या शेजारच्या घरात शिरले की उरलीसुरली पावलेही संपतात. म्हणून आपण काठावर थांबावे, पाण्यात त्याला उतरू द्यावे. गावात ठाण मांडलेल्यावर जादूगार सोडावा. त्याच्या जादूचा नेम कुठल्याही जमिनीवर ७० टक्के लागतो.

‘सिव्हिलायझेशन ६’ या पाळीपाळीच्याच दुसऱ्या खेळात नदी घरांच्या कडेने वाहते. ती ओलांडून हातघाईचा हल्ला केल्यास लढाऊ ताकदीतून ५ गुण वजा होतात.

दोन्हींच्या मूळ नियमांत भरती-ओहोटी नाही, आणि गोव्याच्या नकाशाचे त्यावाचून भागणार नाही. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या सैन्याने गोव्यातले जुवे बेट घेतले ते रात्री, ओहोटी साधून. तो प्रसंग खेळात आणायचा तर एक पाळी तीन तासांची धरावी. पाणी साधारण सहा तासांनी पालटते, म्हणजे दर दोन पाळ्यांनी खाडीच्या घराचा नियम बदलेल: ओहोटीला ३ पावले, भरतीला होडीशिवाय प्रवेश नाही. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतल्या, चिखलात बचाव २० टक्केच ठेवावा. बांधावर एक पाऊल पुरे, पण एका घरात एकच तुकडी. भरतीच्या वेळी मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेची, दारे उघडली की लगतची खाजनाची घरे पाण्याखाली जावीत. बचाव करणाऱ्याचे हे खरे हत्यार.

आकडे ठरल्यावर दोन्ही बाजूंना सारखे सैन्य देऊन, काठ बदलून खेळून पाहावे. दर वेळी एकच काठ जिंकत असेल तर तिथल्या गावाचा बचाव ६० वरून ५० वर आणावा. दुसऱ्या बाजूच्या तुकड्या वाढवू नयेत. त्या खाडी ओलांडायच्या जागी दाटतात आणि डाव तुंबतो.

– एक वाचक, फोंडा