मा. वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र: फ्रीजमधल्या मानेबद्दल

मा. महोदय,
स. न. वि. वि.

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्राची निवासी डॉक्टर. मागच्या वर्षी आपण आमच्या स्किल लॅबची (पुतळ्यांवर हात बसवायच्या खोलीची) फीत कापलीत, 'महिन्याभरात सुरू होईल' म्हणालात. फीत अजून कडीला लोंबते आहे. कुलूपही.

सोमवारी मला मेमो मिळाला: 'विभागाच्या फ्रीजमध्ये अनधिकृत खाद्यपदार्थ.' साहेब, तो खाद्यपदार्थ नव्हता, सरावासाठी बनवलेली मान होती! चायना ग्रास उकळून त्यात इसबगोल ढवळला की सोनोग्राफीच्या पडद्यावर ते मांसासारखं करडं, दाणेदार दिसतं. (दुकानदार दर वेळी विचारतो, 'पोट बिघडलं का मॅडम?') डब्यात एक थर, त्यावर पाण्याने सैलसर भरलेला लांब फुगा म्हणजे शीर, गच्च भरलेला दुसरा म्हणजे धमनी, वरून पुन्हा थर. प्रोबने (सोनोग्राफीत अंगावर फिरवतात त्या दांडीने) दाबलं की शीर चपटी होते, धमनी होत नाही. हे हाताला कळलं की मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची औषधांची नळी) टाकताना सुई धमनीत घुसायची भीती कमी होते. खर्च दीडशे रुपये, माझ्या पर्समधून. तयार मॉडेलचं कोटेशन दोन लाखांवर होतं. त्याची फाइल कुठल्या टेबलावर झोपली आहे, देव जाणे.

माझी पहिली लाइन एका आजोबांना. चार वेळा टोचलं. ते कण्हत म्हणाले, 'शीक बाई, शीक.' त्या रात्री मला जेवण गेलं नाही. छत्तीस तासांची ड्यूटी, गळकं हॉस्टेल, दोन महिने थकलेलं स्टायपेंड, हे सगळं गिळलं. ते 'शीक बाई' गिळवत नाही.

सरावाला सोनोग्राफी मशीन मागितलं तर उत्तर आलं, ते गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली नोंदलेलं, जागचं हलणार नाही. १९९४ चा तो कायदा हवाच, वादच नाही. पण चायना ग्रासच्या वडीला गर्भ कुठला हो?

एमबीबीएसच्या २०१९ च्या अभ्यासक्रमाने स्किल लॅब सक्तीची केली. म्हणून तपासणीच्या दिवशी कुलूप उघडतं, पुतळ्यांवरचं प्लास्टिक निघतं, फोटो होतात, प्लास्टिक परत चढतं. चार कॉलेजांतल्या मैत्रिणींना विचारलं, चारही ठिकाणी हेच. राज्याचा हिशेब आपणच करा. आणि वर नव्या कॉलेजांच्या घोषणा! पाटी लावायला किती वेळ लागतो? गरिबाची मान आहेच सरावाला, फुकट.

कुलूप उघडा, एक जुनं मशीन त्या खोलीच्या नावावर नोंदवा, मेमो मागे घ्या. एवढंच मागते.

मेमोचं उत्तर तीन दिवसांत द्यायचं आहे. मान कचऱ्यात गेली. फुगे मात्र मी धुऊन ठेवलेत.

आपली,
एक निवासी डॉक्टर