रविवारी सायकलीआधी अर्धा तास हाडांसाठी

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी राजहंसगडाची फेरी ठरल्याप्रमाणे आहे. मात्र सर्वांनी पहाटे ५.३० वाजता टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर जमायचे आहे. अर्धा तास दोरीवरच्या उड्या आणि बैठका, मग ६ वाजता सायकली निघतील.

कारण असे की सायकलीने हृदय आणि मांड्या तयार होतात, हाडे तशी होत नाहीत. शरीराचा भार सीटवर असतो, जमिनीचा दणका बसत नाही, आणि असा दणका किंवा भार पडल्याशिवाय हाड फारसे बळकट होत नाही. वर्षानुवर्षे फक्त रोड सायकल चालवणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. चोर्ला घाट सहज चढणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती.

- पूर्वी साध्या पडण्याने हाड मोडले असेल, किंवा पाळी थांबली असेल, तर डॉक्टरांना विचारून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी, तपासणी करून घ्या. तिच्यातला घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस (हाडे ठिसूळ होण्याचा आजार). अशांनी उड्या मारू नयेत.
- गुडघे दुखत असतील तर फक्त सोसतील तेवढ्या बैठका.
- उपाशीपोटी लांबची फेरी नको. प्रौढांना रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ३०० हून अधिक मिळते, म्हणून घरची आंबील आणा.
- हेल्मेट नसल्यास फेरीत घेतले जाणार नाही.

येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत नाव कळवावे.