मॅडम, व्हेंटिलेटर शिकवल्याबद्दल मनापासून थँक यू

मॅडम, आयसीयूत बोलायला उसंतच नसते म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. एआरडीएसचा (फुफ्फुसं सुजून त्यात पाणी भरतं तो गंभीर आजार) पेशंट आला की मशीनला हात लावायच्या आधी तुम्ही टेप मागवायच्या आणि टाचेपासून डोक्यापर्यंत उंची मोजायला लावायच्या, कारण फुफ्फुसाचं माप उंचीवर ठरतं, वजन वाढलं म्हणून फुफ्फुस वाढत नाही. १६५ सेंटीमीटर उंचीची बाई ९० किलोची असली तरी हिशोबाला उंचीवरून येणारं वजन ५७ किलोच धरायचं, म्हणजे किलोमागे ६ मिलीने टायडल व्हॉल्यूम (मशीन एका श्वासात देतं ती हवा) ३४० मिलीच्या आसपास येतो, आणि तोच खऱ्या वजनावर काढला तर ५४०! सुजलेल्या, पाणी भरलेल्या फुफ्फुसात हवा घेणारा भाग आधीच लहान मुलाएवढा उरलेला असतो, त्यात एवढी हवा ढकलली तर तो चांगला भागही ताणून खराब होतो.

२००० सालची एआरडीएस नेटवर्कची ट्रायल तुम्ही राउंडला इतक्यांदा सांगितलीत की आकडे पाठ झालेत, ६ मिलीच्या गटात मृत्यू ३१ टक्के आणि १२ मिलीच्या गटात जवळपास ४०. नवीन औषध नाही, महागडं मशीन नाही, नुसती हवा मोजून दिली म्हणून हा फरक, मला अजूनही याचं फार अप्रूप वाटतं.

इन्स्पिरेटरी होल्ड (श्वास आत गेल्यावर क्षणभर थांबवायचं बटण) दाबून प्लॅटो, म्हणजे तेव्हा फुफ्फुसात असलेला दाब, बघितल्याशिवाय तुम्ही पुढच्या बेडकडे जायच्या नाहीत. तो ३० सेंटीमीटर पाण्याच्या वर नको, आणि त्यातून पीप (श्वास सोडल्यावरही मशीन फुफ्फुसात राखतं तो दाब) वजा केल्यावर उरतं ते ड्रायव्हिंग प्रेशर १५ च्या आत हवं. रक्तात कार्बन डायऑक्साइड चढला की आमची धावपळ सुरू व्हायची, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणायच्या, रक्ताचा पीएच (आम्लता किती ते सांगणारा आकडा) ७.२ च्या वर आहे ना, मग श्वासांचा रेट वाढव, व्हॉल्यूमला हात लावू नकोस, आणि रेट वाढवताना श्वास पूर्ण बाहेर पडतोय का ते ग्राफवर बघत राहा.

पेशंटला पालथं करताना तर तुम्ही स्वतः डोक्याकडे ट्यूब धरून उभ्या राहायच्या, सिस्टर आणि मामांना एकेक स्टेप सांगत, आणि १६ तास व्हायच्या आत कुणी सरळ करायचं नाव काढलं तर ऐकायच्या नाहीत. खूप खूप आभार मॅडम. पेशंट स्वतः श्वास ओढायला लागला की प्लॅटोवर किती भरवसा ठेवायचा हे मात्र तुमच्याकडून शिकायचं राहिलंय, तेवढं एकदा बेडसाइडला शिकवा.