ताई तात्पुरती घरी आली आहे : मंडळाच्या सभासदांना व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

सुदानमध्ये मुलींना सुईणीचं काम शिकवायला गेलेली आपली ताई तिथे लढाई पेटल्यावर परत आली. गेला महिनाभर मंडळाच्या कार्यालयात येणारा प्रत्येक जण विचारतो आहे, "ताई सुखरूप आली ना? मग आता पुढे काय?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना ऊर भरून येतो. दुसऱ्याचं एकेकाला देत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच लिहावं, म्हणून हे पत्र. ताईचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. ते तुम्हाला माहीतच आहे, आणि ज्या घरांनी तिला सुदानमध्ये आसरा दिला त्यांना तिच्या नावामुळे त्रास होऊ नये, असं तिने बजावलं आहे.

१५ एप्रिल २०२३, शनिवार. रमजान संपायला आठवडा उरला होता. सकाळीच राजधानी खार्तूममध्ये सुदानचं लष्कर आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' ही निमलष्करी फौज एकमेकांना भिडली. ताई नाईलपलीकडे ओमदुरमानला होती. विमानतळ पहिल्याच दिवशी बंद झाला. भारतीय दूतावासाने घराबाहेर पडू नका म्हणून कळवलं. त्याच दिवशी उत्तर दारफूरमध्ये कबकाबिया इथे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचे तीन कर्मचारी मारले गेले आणि त्या संस्थेला देशातलं काम थांबवावं लागलं. मदतीला गेलेल्या माणसांचीच ही गत, म्हटल्यावर ताईला ज्यांनी नेलं होतं त्या संस्थेने सगळ्या स्वयंसेवकांना परतण्याचा आदेश दिला. परतायचं की थांबायचं, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. हे ठळकपणे सांगतो, कारण "घाबरून पळून आली" हे शब्द आपल्यातल्याच एकाच्या तोंडून तिने ऐकले आणि गप्प उठून गेली.

त्या दिवसांत नळ कोरडे पडले होते. घरातलं पातेलं, बादली, थर्मासचं झाकणसुद्धा पाण्याने भरून ठेवलेलं. फोन दिवसातून पाच मिनिटं चालू करायचा, "मी बरी आहे" एवढं पाठवायचं आणि बंद करायचा. पुढे बसने पोर्ट सुदान, म्हणजे आठशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता. तिथून २५ एप्रिलला, भारतीयांना सोडवून आणण्याच्या 'ऑपरेशन कावेरी' या सरकारी मोहिमेतल्या, नौदलाच्या 'सुमेधा' जहाजावरून पहिल्या २७८ भारतीयांबरोबर ती सौदी अरेबियात जेद्दाहला आली, आणि २७ तारखेला हवाई दलाच्या सी-१७ विमानाने मुंबईत उतरली. त्या विमानात २४६ जण होते. आपले सहा जण तिला घ्यायला गेले होते. पाठीवरच्या एका पिशवीखेरीज तिच्याजवळ काही नव्हतं.

त्या पिशवीत एक पिवळं कार्ड होतं, त्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. सुदानहून येणाऱ्याकडे पीतज्वराच्या लशीचा दाखला नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. परतलेल्यांपैकी कित्येकांना असं थांबावं लागलं. ताई दाखला दाखवून सरळ बाहेर आली आणि त्याच रात्री आईजवळ पोचली. त्या लशीचे पैसे आपल्या जुन्या खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून दिले होते. "पावती नको, पोरगी धड परत येऊ दे," म्हणाले होते. गेल्या दिवाळीनंतर ते गेले. विमानतळाबाहेर ताईने ते कार्ड उघडून पाहिलं आणि पहिलं नाव त्यांचं घेतलं.

असे देणारे आपल्या मंडळाला लाभले, याचा अभिमान वाटतो. ज्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी पेन्शनच्या फरकाची सगळी रक्कम तिच्या तिकिटासाठी दिली, त्यांनी तर नाव छापाल तर सभासदत्व सोडीन असा दमच भरला आहे. ज्या रिक्षावाल्या काकांनी तिच्या आईला सव्वा वर्ष दर पंधरवड्याला दवाखान्यात नेलं आणि एक पैसा घेतला नाही, त्यांचं ऋण कुठल्या वहीत मांडायचं? आणि महिला समिती! ताई जाणार ठरल्यावर या बायकांनी तीन आठवडे दुपारच्या झोपा सोडून सुईणींना शिकवायचा संच शिवला. कापडी बाळ, लाल फ्लॅनेलची वार, पिळाच्या नाडीची नाळ, ओटीपोटाच्या हाडांची जागा दाखवणारं जाड कापडाचं कडं. बाळाच्या डोक्यावर टाळूच्या जागी मऊ चकती दुमडून घातली होती, म्हणजे डोकं कुठल्या बाजूला वळलंय ते बोटांना कळावं. ती चकती तीनदा उसवून पुन्हा शिवली, कारण ताईला ती पुरेशी मऊ वाटेना. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनची यंत्रं घरोघर पोचवणारे हेच हात. त्या वेळी ताईनेच सगळ्यांना ती यंत्रं चालवायला शिकवलं होतं.

ओमदुरमानला शंभर वर्षांपूर्वी मेबल वुल्फ या ब्रिटिश परिचारिकेने सुईणींची शाळा काढली. तेव्हापासून तिकडे घरोघरी जाणाऱ्या शिकलेल्या सुईणींची परंपरा आहे. गंमत म्हणजे आपल्या दाईला ते लोकही 'दाया'च म्हणतात. ताईने पहिल्याच पत्रात हे कळवलं होतं आणि आपण ते पत्र फलकावर लावलं होतं, आठवत असेल. सव्वा वर्षात तिच्या हाताखाली चौदा मुली तयार होत होत्या. निघताना कापडी संच तिने त्यांतल्या सर्वांत थोरल्या मुलीकडे ठेवला, आणि वही बरोबर आणली. वहीत चौदाजणींची नावं, फोन, कोण काय शिकली, कुणाचं काय कच्चं राहिलं. बसमध्ये पाण्याची बाटली सांडून पानं चिकटली, ती तिच्या आईने एकेक करून पंख्याखाली वाळवली.

आता मुद्द्यावर येतो. खार्तूम आणि ओमदुरमानमधली बरीच रुग्णालयं लढाईत बंद पडली. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने एप्रिलमध्येच सांगितलं होतं की एकट्या खार्तूममध्ये २ लाख १९ हजार गर्भवती आहेत आणि त्यांतल्या २४ हजार जणी पुढच्या काही आठवड्यांत बाळंत होतील. रस्त्यावर गोळीबार चालू असताना त्यांना रुग्णालयात कोण नेणार? शेजारची सुईण हाच आधार. ताईच्या चौदापैकी नऊ मुलींशी संपर्क आहे. सुदानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. त्यांच्याकडे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा इथे अडीच वाजून गेलेले असतात, आणि तेव्हाच फोन वाजतो. परवा मी तिच्या घरी उशिरापर्यंत हिशेब करत बसलो होतो. एका मुलीचा आवाजी निरोप आला, रक्तस्राव थांबत नाही. ताई मोडक्यातोडक्या अरबीत, पण अगदी शांतपणे सांगत होती: पोट वरून चोळत राहा, तिला लघवी करायला लाव, बाळ छातीला धर, पुन्हा चोळ. मग वीस मिनिटं काहीच नाही. ती भिंतीकडे बघत बसलेली. मग फोनवर बाळाच्या रडण्याचा आवाज, आणि मागे एक बाई हसत होती.

हे काम चालू आहे, आणि ते इथूनच चालवावं लागणार आहे. २० मे २०२३ रोजी जेद्दाहला सात दिवसांच्या युद्धविरामावर सह्या झाल्या, पण अशा युद्धविरामांचा अनुभव चांगला नाही. संस्थेचा मासिक भत्ता परत येताच बंद झाला; करारात तसं कलम आहे म्हणे. इथली नोकरी ती जानेवारी २०२२ मध्ये सोडून गेली होती. आता दिवसाची पूर्ण वेळाची नोकरी धरली तर रात्रीचे निरोप सुटतील.

थोडं मनातलंही लिहितो. एप्रिलच्या त्या दहा दिवसांत मी चाळीस जणांना फोन केले. काहींनी उचलले नाहीत. काहींनी "इथे काय कमी बायका अडलेल्या आहेत, तिकडे गेलीच कशाला?" असं विचारलं. गेल्या वार्षिक सभेत परदेशी सेवा निधीचा विषय आला तेव्हा अकरा माणसं उरली होती. तिच्या निरोप समारंभाचे फोटो मात्र सगळ्यांकडे आहेत. कुणाला टोचून बोलायचं नाही, पण मन खट्टू झालं हे खरं.

मदत अशी हवी : ताईचा व आईचा सहा महिन्यांचा घरखर्च, तिची वैद्यकीय तपासणी व समुपदेशन, फोन-इंटरनेट, अरबी शिकवणी, नवा कापडी संच, आणि परतीच्या तिकिटासाठी वेगळी ठेव, मिळून १ लाख ८० हजार रुपये, पैकी ४१ हजार जमले. सगळा खर्च इथेच होईल, मंडळ परदेशात पैसे पाठवणार नाही. चेक मंडळाच्या नावे, बँक खात्याचा तपशील पावती पुस्तकावर व कार्यालयाच्या फलकावर. प्राप्तिकरातल्या ८०जी सवलतीसाठी पॅन द्या, रोख २००० रुपयांवर दिल्यास ती मिळत नाही. डॉक्टर सभासदांनी आठवड्यातून एक रात्र फोनवर उपलब्ध राहावं, दोन नावं आली आहेत, पाच हवीत. अरबी जाणणारं कुणी ओळखीत असेल तर आजच कळवा. फ्लॅनेलचे तुकडे महिला समितीकडे. ताईला भेटायला दुपारी चारनंतरच जा, सकाळी ती झोपलेली असते. सभा रविवार ४ जून २०२३, सकाळी दहा, कार्यालयात. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी नुसता निरोप द्या, पावती पुस्तक घेऊन मी घरी येईन.

आपला,
चिटणीस