पंपाचा स्टार्टर बेसमेंटमधून वर घ्यावा : अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी कार्यकारिणी

विषय : वादळी पावसाचा इशारा आणि आपले बेसमेंट

स.न.वि.वि.

हवामान विभागाने पुढच्या चार दिवसांसाठी आपल्या भागाला नारिंगी इशारा दिला आहे. दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह जोरदार पाऊस होईल असा अंदाज आहे. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे लगेच हालचाल करा. सकाळपासून चौघांनी हा इशारा ग्रुपवर टाकला आहे, पण आपल्याकडे कोणी काय करायचे हे ठरलेलेच नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात बेसमेंटमध्ये पाणी शिरले, तेव्हा पंप चालू करायला वॉचमन खाली उतरला. मी जिन्यात टॉर्च धरून उभा होतो. स्टार्टर उताराच्या टोकाला, कंबरेएवढ्या उंचीवर आहे. पाणी वॉचमनच्या गुडघ्याच्या वर आले होते आणि ओल्या हाताने तो हिरवे बटण चाचपडत होता. पंप सुरू झाला, तो सुखरूप वर आला आणि विषय तिथेच मिटला. माझ्या मनातून मात्र ते गेलेले नाही. पाण्यात वीज उतरली असती तर मी त्याला ओढायलाही जाऊ शकलो नसतो. मी त्याला थांबवायला हवे होते.

माझी मुख्य मागणी ही आहे : स्टार्टर आणि त्याचा बोर्ड तळमजल्यावर, कोरड्या जागी आणावा. सोबत फ्लोट स्विच बसवला तर पाणी चढू लागताच पंप आपोआप चालू होईल. हे काम होईपर्यंत, पाणी शिरल्यावर कोणीही खाली जायचे नाही, गाडी काढायलासुद्धा नाही, असा लेखी नियम आजच लावावा. गाड्या इशारा आला की आधीच वर घ्याव्यात. दाराबाहेर अर्धा मीटर पाणी साचले, तर एक मीटर रुंदीच्या दारावर सुमारे 125 किलो वजनाइतका रेटा येतो. बेसमेंटमधल्या स्टोअररूमचे दार बाहेर उघडते. आत कोणी अडकले तर त्याला ते ढकलता येणार नाही. रस्त्यावरही तेच. वाहते पाणी 15 सेंटीमीटर असले तरी धडधाकट माणसाचा पाय सुटतो, आणि 60 सेंटीमीटर पाण्यात बहुतेक गाड्या वाहून जातात.

लिफ्टचा खड्डा हा इमारतीतला सर्वांत खोल भाग, त्यामुळे पाणी आधी तिथे जाते. पाणी आवारात यायच्या आत लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन, आत कोणी नाही हे पाहून तिची वीज बंद करावी. ज्येष्ठांना हे आधी कळायला हवे, नाहीतर कोणी खालीच अडकून पडेल.

गच्चीचे काम पाऊस सुरू व्हायच्या आत, उजेडातच व्हावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपली गच्ची साधारण 600 चौरस मीटरची. तासात 50 मिलिमीटर पडला तर 30,000 लिटर पाणी गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपांतून उतरायला हवे, आणि काल मी पाहिले तेव्हा कोपऱ्यातल्या दोन जाळ्यांवर पाने आणि प्लास्टिकची पिशवी घट्ट बसलेली होती. पिशवी मी काढली, पण खाली गाळ आहे, तो हाताने निघत नाही.

पाऊस सुरू झाल्यावर मात्र तुंबलेली जाळी काढायलाही कोणाला वर पाठवू नये. मुले पाऊस बघायला वर जातात, म्हणून दाराला कुलूप हवे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची आपल्यावरही पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबावे. त्या वेळात आंघोळ आणि भांडी टाळावीत, कारण नळाच्या पाण्यातून आणि धातूच्या पाइपांतून वीज येऊ शकते. आपल्या वीजरोधकाची अर्थिंग शेवटची कधी तपासली, याची नोंद मला कुठे सापडली नाही. ती तपासून घ्यावी. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर धक्का बसतो, हा गैरसमज आहे; तसा धक्का बसत नाही. श्वास थांबला असेल तर ताबडतोब छाती दाबायला सुरुवात करावी.

पुराचे पाणी जमिनीखालच्या टाकीत गेले, तर ती धुऊन निर्जंतुक होईपर्यंत ते पाणी पिऊ नये.

आज संध्याकाळी कार्यकारिणीने अर्धा तास बसावे, एवढी विनंती. वॉचमनला नियम मी स्वतः समजावून सांगेन. जाळ्या साफ करायला उद्या सकाळी सातला मी गच्चीवर आहे, सोबत दोघे मिळाले तर दोन तासांत काम होईल.

कळावे,
आपला,
दुसऱ्या मजल्यावरील सभासद