मावशी, त्या अर्ध्या तुकड्यासाठी

सलाम मावशी,

मंगळवारी तुम्हाला नाशिकच्या गाडीत बसवलं आणि खिडकीपाशी उभी राहून मी काय बोलले, तर पाण्याची बाटली घेतली का, गोळ्या हाताशी ठेवल्यात का. आदल्या रात्री जागून जे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं घशातच राहिलं. गाडी हलली, तुमच्या मांडीवर पिशवी होती म्हणून तुम्हाला हात पण नीट हलवता आला नाही, आणि मी स्टँडवर तशीच उभी. घरी येऊन खूप रडले. म्हणून आता लिहितेय. सगळ्यांना दिसेल असं लिहितेय कारण माझा अपमान सगळ्यांसमोर झाला होता, आणि तुम्ही जे केलंत तेही सगळ्यांसमोरच केलंत, मग आभार तेवढे एकांतात का मानायचे? तुमचा भाचा वाचून दाखवेल. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत तुम्ही स्वतः मोबाईलमध्ये बघू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलीला घेऊन नगरला आईकडे परत आले. का आले ते इथे सगळं लिहिणार नाही, एवढंच सांगते की शेवटी माझी पोर घराचं दार वाजलं की पलंगाखाली जाऊन बसायला लागली होती. ती तेव्हा सहा वर्षांची. तिला पलंगाखालून ओढून काढताना एके दिवशी मला कळलं की आता इथे राहायचं नाही.

मला वाटलं होतं आपली मंडळी आहे, म्हणजे आपलं चर्च, लहानपणापासूनचं, ज्या बाकांवर मी संडे स्कूलला बसले, नाताळच्या नाटकात तीन वर्षं मेंढपाळ झाले, तिथे तरी कोणी विचारेल काय झालं म्हणून. कोणी विचारलं नाही मावशी. सल्ले मात्र पहिल्या आठवड्यापासून सुरू झाले. क्षमा कर. सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगितलंय प्रभूने. घर सांभाळणं बाईच्या हातात असतं. एका ताईंनी तर लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण दिलं, म्हणाल्या त्या नाही का गेल्या परत नवऱ्याकडे. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आज सुचतं. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला १९०० साली. मधली वर्षं त्या आधी माहेरच्या माणसांत राहिल्या, मग टिळकांकडे आल्या त्याही आपलं सोवळं सांभाळत, आणि धर्म बदलला तो आपल्या मनाला पटल्यावर. त्या बाईचं नाव घेऊन दुसऱ्या बाईला गप्प करायचं हे मला फार लागलं.

आणि ते सत्तर वेळा सात. बायबलमधल्या मत्तयाचा अठरावा अध्याय मी त्या महिन्यांत इतक्या वेळा वाचला की आता तोंडपाठ झालाय. त्याच अध्यायात, क्षमेच्या आधी, लिहिलंय की भावाने तुझा अपराध केला तर जा आणि त्याला एकांतात त्याचा दोष दाखव, ऐकलं नाही तर आणखी एक-दोन जणांना घेऊन जा, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. म्हणजे आधी अपराध करणाऱ्याकडे जायचं. आमच्या मंडळीच्या कमिटीतलं कोण गेलं माझ्या नवऱ्याकडे? कोणीही नाही. तोही ख्रिस्ती, पुण्यात दर रविवारी चर्चला जाणारा, फोन नंबर सगळ्यांकडे. पण जायचं कोणी, वाईटपणा घ्यायचा कोणी, माझ्याकडे येऊन क्षमा कर म्हणणं सोपं होतं कारण मी समोर होते आणि मी रडत होते. मी क्षमेच्या विरोधात नाहीये. क्षमा मी केली आहे, अजूनही रोज थोडी थोडी करते, काही दिवस जमत नाही. पण क्षमा करणं आणि परत त्याच घरात जाऊन राहणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला एकाही पुरुषाने किंवा बाईने सांगितलं नाही, तुम्ही सोडून.

मग तो निरोप आला. कमिटीतल्या एकांनी आईला फोन करून सांगितलं की विषय मिटेपर्यंत तुमच्या मुलीला प्रभुभोजन घेऊ देऊ नका, चर्चा होतेय. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये वाटतात ती भाकर आणि द्राक्षरस. आई चाळीस वर्षं त्या मंडळीत आहे. तिने फोन ठेवला आणि बराच वेळ नुसती तांदूळ निवडत बसली.

मी तरी गेले. हट्टाने नाही गेले, मला खरंच वाटलं प्रत्यक्षात कोणी असं करणार नाही. महिन्याचा पहिला रविवार. आमच्याकडे भाकर आणि द्राक्षरसाचे छोटे ग्लास ट्रेमधून बाकाबाकावर फिरवतात, पुढे रेलिंगपाशी जाऊन गुडघे टेकायची पद्धत आमच्यात नाही. आई त्या दिवशी गुडघ्यांमुळे आली नव्हती. मी बाकाच्या मधोमध, माझ्या एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला रिकामी जागा आणि त्याच्या पलीकडे तुम्ही. तेव्हा तुमची माझी ओळख म्हणजे सलाम मावशी, सलाम बाळा, एवढीच. ट्रे आला, ज्यांच्या हातात होता त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ट्रे उचलून माझ्या डोक्याच्या वरून पलीकडे दिला. हात मी पुढे केलेला होता. तो तसाच राहिला. मागच्या बाकावरचं कोणीतरी खोकलं. मुलीने विचारलं मम्मी आपल्याला का नाही.

तुम्ही तुमचा तुकडा घेतलात, सरकून माझ्या शेजारी आलात, तुकडा मोडलात आणि अर्धा माझ्या हातावर ठेवलात. तो हात अजून तसाच उघडा होता. आणि तुम्ही थांबलात.

मला ह्या थांबण्याबद्दलच लिहायचंय मावशी. भाकर दिलीत हे सगळ्यांनी बघितलं, पण तुम्ही थांबलात हे फक्त मी बघितलं. माझा हात इतका थरथरत होता की तुकडा तोंडापर्यंत नेता येत नव्हता. सगळ्यांनी खाल्लं, पाळकसाहेबांनी पुढची प्रार्थना सुरू केली, लोक डोळे मिटून बसले, आणि तुम्ही तुमचा अर्धा तुकडा दोन बोटांत धरून डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत बसलात, घाई न करता, पेशंटला गोळी दिली की नर्स ती गिळेपर्यंत उभी राहते ना तसं. मी खाल्लं तेव्हाच तुम्ही खाल्लंत. मग माझ्या पाठीवर हातबित काही फिरवला नाही, एक शब्द बोलला नाहीत, सरळ पुढे बघून गीताचं पान उघडलंत.

उपासनेनंतर कमिटीतले दोघेजण तुमच्याशी बोलायला आले. अयोग्य रीतीने जो ही भाकर खातो तो दोषी ठरतो असं वचनात आहे, प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलंय, असं म्हणाले. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, तोच अध्याय शेवटपर्यंत वाचा. आणि चप्पल घालून निघालात.

मी घरी जाऊन वाचला. पहिलं करिंथ, म्हणजे पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र, अकरावा अध्याय. इतकी वर्षं ऐकलेला, आणि मला माहीतच नव्हतं की पौल तिथे नेमकं कशावरून रागावलाय. करिंथच्या मंडळीत लोक प्रभुभोजनाला जमायचे तेव्हा काहीजण आपापलं जेवण आधीच उरकून घ्यायचे, काहींना तर प्यायलेलं चढलेलं असायचं, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी बसायचे, सगळ्यांसमोर लाजायचे. त्यावरून त्याने लिहिलं की तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता का, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता का. अयोग्य रीतीने खाणं हे त्या भांडणातून आलेलं आहे. आणि शेवटी काय सांगितलंय तर जेवायला एकत्र जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. एकमेकांसाठी थांबा मावशी! मी ते वाचलं आणि मला तुमच्या दोन बोटांतला तो अर्धा तुकडा दिसला. ज्या अध्यायाच्या जोरावर मला बाहेर ठेवलं त्याच अध्यायातलं तुम्ही करून दाखवलंत, आणि मला वाटतं तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, तुमच्या हाताने आपोआप केलं.

नंतरचं कोर्ट, वकील, तारखा ते सगळं झालं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. पण तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही डबा घेऊन यायचात, कधी डाळ-भात, कधी नुसती बाजरीची भाकरी आणि ठेचा, आणि अशाच एका संध्याकाळी ताट पुसता पुसता तुमचं सांगितलंत. १९७४ साली नवऱ्याचं घर सोडलं, मिरजेला शिकलेलं नर्सिंग होतं म्हणून पोट भरलं, आणि तो वारला तोपर्यंत कागदावर त्याचीच बायको राहिले. तेव्हा मी वकिलांना विचारलं की असं कसं. आपल्या ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा, इंग्रजांच्या वेळचा. त्यात नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, पण बायकोला नुसता छळ चालत नव्हता, छळ आणि त्याबरोबर व्यभिचार असं दोन्ही दाखवायला लागायचं. हे बदललं २००१ मध्ये. म्हणजे मला जे काही महिन्यांत नाही तरी काही वर्षांत मिळालं, ते तुमच्यासाठी दारच बंद होतं, कायद्याचं पण आणि मंडळीचं पण. तुम्ही किती रविवार असा ट्रे डोक्यावरून जाताना बघितला असेल? मी विचारलं नाही कधी. तुम्ही पण ते सांगून माझ्याकडून सहानुभूती घेतली नाहीत, सांगून झालं आणि डब्याचं झाकण लावलंत.

तुमची आजी १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आलेली पोर, हे पण त्याच दिवशी कळलं. आजी सांगायची म्हणे की तिथे आधी अंघोळ आणि जेवण मिळालं, नाव-गाव मग विचारलं. मला वाटतं तुमच्यात ते तिथूनच आलंय.

चांगुलपणा किती साधा असतो मावशी, आणि तरी तो इतका कमी का मिळतो? त्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणी फ्लॅनेलच्या बोर्डावर चित्रं चिकटवून शिकलो. यरीहोच्या वाटेवर लुटलेला माणूस पडलाय, याजक म्हणजे मंदिरातला पुरोहित बघून पलीकडून जातो, लेवी म्हणजे मंदिरातला सेवक तोही पलीकडून जातो, आणि ज्याच्याशी यहुदी लोक संबंध ठेवत नाहीत तो शोमरोनी थांबतो. तेल आणि द्राक्षरस ओततो, जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दोन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे काढून ठेवतो. पण त्याने त्या माणसाला हे विचारलं नाही की तू एकटा त्या रस्त्याने का चाललास, तुझी पण काही चूक असेल. मला हे सगळ्यांनी विचारलं. तुझी पण काही चूक असेल ना. असेलच, चुका कोणाच्या नसतात, पण रक्त वाहत असताना तो हिशोब कशाला.

आणि खरं सांगू, त्या दिवसांत जे थांबले ते सगळे आपल्या मंडळीतले नव्हते. आमच्या गल्लीतली शिलाईवाली भाभी रोजा असताना सुद्धा माझ्या पोरीला दुपारी खाऊ घालून झोपवायची कारण मी कोर्टात असायचे. मुलीच्या वर्गशिक्षिका, त्यांनी बाकीच्या पालकांच्या कुजबुजीकडे लक्षच दिलं नाही, पोरीला गॅदरिंगला पहिल्या रांगेत उभं केलं. ह्यांना मी कोणत्या धर्माचं म्हणून बघायचं? येशूने ती गोष्ट सांगून शेवटी विचारलंच होतं की ह्यातला शेजारी कोण ठरला.

मंडळीत मी अजून जाते. काहींनी नंतर माफी मागितली, एक काका तर घरी येऊन आईच्या पाया पडायला लागले, आईने त्यांना चहा दिला. ट्रे आता माझ्यापर्यंत येतो. कोणी त्याबद्दल कधी काही बोललं नाही, एका महिन्यात आपोआप यायला लागला, जसं काही घडलंच नव्हतं. मला त्यांच्यावर राग आहे का, आहे थोडा. पण त्याच बाकांवर तुम्ही पन्नास वर्षं बसलात, मग मी दोन वर्षांत उठून का जाऊ.

मुलगी आठ वर्षांची झाली. दार वाजलं की आता स्वतः पळत जाऊन उघडते. परवा तिने चपातीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि मी तोंडात टाकेपर्यंत आपला घास हातात धरून बसली, म्हणाली नर्सआजीसारखं. मी काही शिकवलं नव्हतं तिला.

नाशिकला थंडी जास्त असते, भाच्याला सांगून खिडकीशी कॉट ठेवू नका. ऑपरेशनची तारीख मिळाली की कळवा, मी सुट्टी टाकून येणार आहे, नाही म्हणू नका. तुमचा स्टीलचा डबा माझ्याकडेच राहिलाय, झाकणावर नाव कोरलेला. रिकामा कसा परत करू, येताना करंज्या भरून आणते.

तुमची,
मधल्या बाकावरची